पालथी वाटी

माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे चौथीतही मला नीट कळलं नव्हतं, आणि पुढची शाळा दुसऱ्या गावात होती म्हणून त्यानंतर कोणी शिकवलं नाही. अक्षरही वाईट आहे, ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरते. त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाच ठाऊक नाही, कारण हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. मुलाला वेळ नाही, नातीला मराठी वाचता येत नाही, आणि सुनेच्या हाती लागलं तर तिला यातलं बहुतेक माहीत आहे. कागदही तिचेच आहेत. एका बाजूला तिचे इंग्रजी धडे छापलेले, दुसरी बाजू कोरी. कोरी बाजू टाकून देणं मला जमत नाही.

मी परदेशी, यिशुनला मुलाकडे राहायला आले तेव्हा नात जेमतेम पावलं टाकायला लागली होती. मुलगा वन-नॉर्थला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. सकाळी लवकर जायचा, रात्री जेवायच्या वेळेला यायचा. सूनही त्याच्याइतकीच शिकलेली, इंजिनियरच, पण बाळंतपणानंतर घरी होती. फ्लॅट भाड्याचा होता. आमच्या इमारतीची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. आम्हाला एक मजला वर उतरून जिन्याने खाली यावं लागे. जी लिफ्ट आपल्या दारापर्यंत येत नाही, तिच्यात जीव कसा घालायचा, असं मला वाटायचं. मी पुष्कळ दिवस जिन्यानेच चढले.

माझा स्वभावच संशयी आहे. भाजीवाल्याच्या तराजूपासून ते डॉक्टरच्या गोळीपर्यंत, समोरचा काहीतरी दडवतोय असं मला आधी वाटतं, मग बाकीचं. पण भांडायला तोंड लागतं, ते मला नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. म्हणून मी नुसती लक्ष ठेवते. सुनेवरही ठेवायची. ती न्हाणीघरात गेली की नळ बराच वेळ मोठा सोडायची. पाणी वाया घालवते म्हणून मी एकदा दाराशी जाऊन उभी राहिले. आत ती रडत होती.

मग हळूहळू कळलं ते असं. एका इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची नोकरी निघाली होती. तिथे नर्सिंगच्या, स्वयंपाकाच्या, केस कापायच्या कोर्सला असलेल्या मुली. इंजिनियरिंगशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांना रोजच्या वापरातली यंत्रं शिकवायची: एटीएम पैसे कसं देतं, एमआरटीच्या, म्हणजे इथल्या रेल्वेच्या, फाटकाला कार्ड कसं कळतं, ईमेल खरी कुठली आणि फसवणारी कुठली. सुनेला ते काम हवं होतं. पण त्याआधी शिकवण्याचा एक कोर्स स्वतःच्या पैशाने करावा लागणार होता, आणि मुलगा म्हणाला होता की पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, या वर्षी नको. वाईट बोलला नाही तो. नुसतं नको म्हणाला. तिनेही पुन्हा विषय काढला नाही.

मी माझ्या पाटल्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. का ठेवल्या ते आजही मला नेमकं सांगता येणार नाही. आम्ही दोघी नातीला घेऊन सेरंगून रोडला गेलो. सोनाराने पाटल्या तराजूत टाकल्या, मी डोळे मिटले नाहीत. दुसऱ्या दुकानातून तशाच दिसणाऱ्या खोट्या पाटल्या घेतल्या आणि रस्त्यातच हातात चढवल्या. मुलाने त्या कधी ओळखल्या नाहीत. सून म्हणाली, "पगार सुरू झाला की दर महिन्याला परत करीन, आई. उसने आहेत हे." मी मान हलवली.

संशय दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना आला. सोनं हातात होतं तेव्हा माझं होतं. आता ते कुठे आहे? तिच्या शब्दात.

कोर्स झाला, नोकरी लागली. नात पाळणाघरात जायला लागली. पहिला पगार आला तेव्हा मला वाटलं ती नोटा आणून देईल. ती म्हणाली नोटा घरात ठेवल्या तर कधीतरी तुमच्या मुलाला दिसतील, त्यापेक्षा बँकेत खातं उघडू. मला एकटीला खातं काढणं अवघड होतं म्हणून ते दोघींच्या नावावर निघालं. कार्ड मात्र माझं. ती मला यिशुनच्या शॉपिंग सेंटरमधल्या मशीनपाशी घेऊन गेली, आकडे दाबायला शिकवलं, आणि सांगितलं, "पहिले पाचशे मी भरलेत, ते तुमचेच, फिटलेल्यात धरा. पण त्यांना हात लावू नका. ते तिथेच राहू द्या."

हात का लावायचा नाही? माझेच असतील तर हात लावल्याने काय होतं? हे मी तिला विचारलं नाही. मनात ठेवलं.

त्यानंतर दर महिन्याला मी एक काम करायची. सुनेने सांगितलं की हप्ता टाकलाय, की दुसऱ्या दिवशी सगळे जण गेल्यावर मी जिन्याने उतरून मशीनपाशी जायची आणि होते तेवढे सगळे पैसे काढायची. पाचशेसुद्धा. पडद्यावर आकडा कोणीही लिहील. नोट हातात आल्याशिवाय ती आहे हे कशावरून? घरी आणून ओट्यावर मांडायची, मोजायची, साडीच्या घडीत देव्हाऱ्यामागे ठेवायची. एक-दोन शुक्रवार जाऊ द्यायची, लक्ष्मी घरात आहे असं वाटावं म्हणून. मग मुलगा रविवारी देव्हारा पुसायला घेईल या भीतीने पुन्हा जाऊन पैसे भरायच्या मशीनमध्ये घालायची. ते मशीन नोटा गपकन ओढून घ्यायचं. आकड्याची चिठ्ठी बाहेर येईपर्यंत मी जागची हलायची नाही.

याच दिवसांत सुनेची माझ्यावर शिकवणी सुरू झाली. तिचे तास नीट होत नव्हते. ती घरी येऊन सांगायची की मुली फळ्याकडे बघतात, मान हलवतात, आणि परीक्षेत कोरा कागद देतात. एक दिवस दुपारी तिने मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि म्हणाली, "आई, आता तुम्ही माझ्या विद्यार्थिनी. मला मदत करा." मला वाटलं, हे पैशावरून लक्ष उडवण्यासाठी चाललंय. पण बसले.

तिने सर्व्हर म्हणजे काय ते सांगितलं, नेटवर्क म्हणजे काय ते सांगितलं, कागदावर चौकोन काढून बाण जोडले. मी मान हलवत गेले. शेवटी तिने विचारलं, "कळलं?" मी मान हलवली. "मग सांगा बघू." मी तिच्या चौकोनांकडे बघत राहिले.

ती रागावली नाही. म्हणाली की मुलीही हेच करतात. आपल्याला कळलं नाही हे बोलून दाखवायची लाज वाटते, म्हणून मान हलते. तिने रॅकमधून स्टीलची एक वाटी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "तोंडाने काही बोलायचं नाही. समजत असेल तोवर वाटी उताणी. समजेनासं झालं की पालथी करायची. मी लगेच थांबीन."

मला हे बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा न बोलता बोलायची सोय झाली होती. ती पहिल्याच वाक्याला म्हणाली, "बँकेचा सर्व्हर," आणि मी वाटी पालथी घातली. ती थांबली. मग म्हणाली, "बरं. बँकेच्या आत एक मोठी वही आहे असं समजा, पण ती कोणी हाताने लिहीत नाही." वाटी उताणी. "मशीन तुमचा आकडा त्या वहीला विचारतं." उताणी. "वही म्हणते, हो, हीच ती." पालथी. मला कसं ओळखलं? वहीने मला कधी पाहिलंय? त्या दुपारी तिला एका एटीएमपायी चहा दोनदा करावा लागला. पण शेवटी तिने जे सांगितलं ते मला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने तेच वर्गात सांगितलं. मुलींना वाट्या कुठून देणार, तिने कागदी पेले नेले. म्हणाली, पहिल्या पाच मिनिटांत अर्धे पेले पालथे. ती खूश होती. कोरे कागद कमी झाले.

मलाही कार्ड, फाटक, ईमेल हळूहळू कळायला लागलं. पण मशीन कळलं तशी माझी धाकधूक वाढली. आधी मला वाटायचं मशीन चोरेल. आता कळलं की मशीन स्वतः काही करत नाही, वही सांगेल तेवढंच करतं. आणि वहीत माझ्या नावाशेजारी तिचं नाव होतं.

आमच्या मशीनमध्ये फक्त पन्नासच्या नोटा असायच्या. एका महिन्यात मी मोजले तेव्हा एक नोट कमी भरली. पुन्हा मोजले. परत जाऊन पडद्यावरचा आकडा पाहिला. आकडे मला वाचता येतात. आत अठ्ठेचाळीस डॉलर पडून होते. दोन डॉलर गेले होते आणि त्या दोन डॉलरपायी मशीन अख्खी पन्नासची नोट अडवून बसलं होतं. पुढच्या महिन्यात आणखी दोन गेले. त्याच्या पुढच्या महिन्यातही दोन.

मी कोणाला बोलले नाही. सुनेच्या पर्सकडे, तिच्या चपलांकडे, ती आणते त्या ब्रेडकडे बघायला लागले. ती म्हणाली की खाण्याच्या टपऱ्या असतात त्या हॉकर सेंटरला मैत्रिणीबरोबर कॉफी प्यायले, की मी मनात हिशेब करायची, कॉफी कितीला पडते. माझे पाटल्यांचे पैसे अजून अर्ध्याच्या वर यायचे होते. जर आत्ताच दोन-दोन जायला लागले, तर पुढे काय? आणि मी विचारलं आणि ती म्हणाली की आई, तुमचा माझ्यावर विश्वास नाही तर मी हप्ताच देत नाही, तर मी कोणाकडे जाणार? मुलाला तर पाटल्यांचंही माहीत नाही.

अशात तिने सांगितलं की पुढच्या आठवड्यात तिचे वरिष्ठ तिच्या तासाला येऊन बसणार आहेत. तिचा करार संपत आला होता. तास चांगला झाला तर करार वाढेल, नाही तर दुसरी कोणी येईल. नोकरी गेली तर माझे हप्तेही थांबणार, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, "तुम्ही या, आई. मागे बसा. तुम्ही समोर असलात की मला सोपं बोलायची आठवण राहते."

मी जायचं ठरवलं. पण तिच्यासाठी नाही. माझ्या मनात वेगळं होतं. घरात ती मला काहीही सांगू शकली असती. तिथे चार परकी माणसं असतील, तिचा साहेब असेल. त्यांच्यासमोर तिला खोटं बोलता येणार नाही.

वर्ग थंडगार होता. मी साडीवर सुनेचं स्वेटर घातलं होतं. वीसेक मुली, कोणाचे केस लाल, कोणाचे निळे, कोणी नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत. सगळ्यांपुढे कागदी पेला. माझ्यापुढेही एक ठेवला होता. साहेब एक वयस्कर चिनी गृहस्थ, मांडीवर फाइल घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. सुनेने मला मागच्या बाकावर बसवलं आणि इंग्रजीत सांगितलं की या माझ्या सासूबाई, माझी पहिली विद्यार्थिनी. मुली वळून हसल्या. मी खाली बघितलं.

त्या दिवशी धडा बँकेच्या खात्याचाच होता. तो तिने आदल्या दिवशी मला मराठीत सांगितला होता, त्यामुळे इंग्रजी कळत नसूनही कुठे काय चाललंय ते मला समजत होतं. ती चांगलं सांगत होती. मोठी वही आली, मशीनने वहीला विचारलं, वहीने हो म्हटलं. पण पेले सगळे उताणे. एकही पालथा नाही. दर थोड्या वेळाने ती थांबायची, पेल्यांवरून नजर फिरवायची आणि तिचा चेहरा उतरायचा. साहेब बसलेले, म्हणून मुली घाबरल्या होत्या. आपल्याला कळलं नाही हे कोण दाखवणार? साहेबांनी एक जांभई दिली, हाताने झाकून. मी पाहिली.

धडा संपत आला. तिने फळा पुसला आणि काही प्रश्न आहेत का असं विचारलं. कोणी नाही.

मी माझा पेला पालथा घातला.

आवाज झाला नाही, कागदाचाच तो. पण तिला लगेच दिसलं. ती माझ्याकडे बघत राहिली. हे तिच्या तासासाठी वाईट आहे की बरं, याचा मी विचार केला नव्हता.

"विचारा, आई," ती मराठीत म्हणाली.

माझा आवाज निघाला, पण माझा वाटला नाही. "माझ्या खात्यातून दर महिन्याला दोन डॉलर कोण काढतं?"

तिने ते लगेच इंग्रजीत सांगितलं नाही. दोन डोळ्यांनी मला नीट पाहून घेतलं. मी काय विचारतेय आणि कोणाला विचारतेय, हे तिला त्या क्षणी कळलं, असं मला वाटतं. मग ती वर्गाकडे वळली आणि शब्द न बदलता सांगितलं. ते मी ओळखू शकले, कारण 'टू डॉलर्स' आणि 'हू' हे मला येत होतं. हू. कोण. तिने 'कोण'चं 'का' केलं नाही.

वर्ग एकदम हलला. दोघी-तिघी एकाच वेळी बोलायला लागल्या. लाल केसांच्या मुलीने मागे वळून मला विचारलं, ते सुनेने मला सांगितलं: तुम्ही सगळे पैसे काढता का? मी मान हलवली. ती मुलगी हसली, कुचेष्टेने नाही, आणि इथे सगळे वाक्याच्या शेवटी लावतात तसं ‘लाह’ लावून म्हणाली, "आंटी, यू टेक आउट ऑल, बँक चार्ज यू लाह!"

सुनेने फळ्यावर मांडलं. मुलींना इंग्रजीत, मला मधूनमधून मराठीत. दिवस मावळला की बँक रोज बघते, खात्यात किती आहेत. महिना संपला की सगळ्या दिवसांचं मिळून बघते. पाचशेच्या आसपास नसतील तर दोन डॉलर कापते. मी पैसे काढून देव्हाऱ्यामागे ठेवत होते, शुक्रवार जाऊ देत होते. तेवढे सगळे दिवस खातं रिकामं. पैसे आहेत की नाहीत हे बघायला मी ते बाहेर काढत होते, आणि बाहेर काढत होते म्हणूनच ते कमी होत होते.

एका नर्सच्या कपड्यांतल्या मुलीने आपला पेला पालथा घातला. तिचेही कापले जात होते, तिला वाटायचं तिचा भाऊ घेतो. मग आणखी एक पालथा. मग बाकीच्यांचे, एकामागून एक, कागदाचे ते पेले टेबलांवर उलटत गेले. मुली विचारायला लागल्या. ज्याच्याकडे कमी आहे त्याचेच का कापतात, हे एकीने विचारलं. सुनेला याचं उत्तर आलं नाही, तिने तसं सांगितलं. तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही. साहेब फाइल बंद करून पुढे वाकून बसले होते.

बाहेर ते सुनेशी काही बोलले. सुनेने नंतर सांगितलं, त्यांनी विचारलं होतं की सासूबाईंचा प्रश्न आधी घरी ठरवून आणला होता का. तेही संशयी होते. सून म्हणाली, नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझा चेहरा पाहिला, आणि म्हणाले की नाही, हे ठरवलेलं दिसत नाही.

एमआरटीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. ती खिडकीकडे बघत होती. मग तिने तोंड न वळवता विचारलं.

"मी घेते असं वाटलं तुम्हाला?"

"वाटलं," मी म्हणाले.

"दोन डॉलर, आई? घ्यायचेच असते तर सगळे नसते घेतले?"

"सगळे घेतले की लगेच कळतं. दोन-दोन घेणारी लवकर सापडत नाही."

तिच्या समोरच्या बाईने आमच्याकडे पाहिलं, कारण सून हसली होती. हसली, आणि पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले. मी म्हणाले, तू तरी आत बघायचं होतंस ना, तुझंही नाव आहे त्यात, तुलाच आधी कळलं असतं. ती म्हणाली, "खातं तुमचं आहे. मी कशाला बघू?"

यिशुनच्या आधीचं खातिब स्टेशन गेलं. मग तिने विचारलं, "आत्ता वाटी असती तर काय केली असती?"

मी विचार केला. "पालथीच," मी म्हणाले. "सगळं अजून कळलेलं नाही मला."

"मलाही," ती म्हणाली.

करार वाढला. घरी सगळं पहिल्यासारखं चाललं, असं म्हणणं खोटं होईल. बरेच दिवस ती मला हप्ता टाकल्याचं सांगताना आवाज सरळ ठेवायची, आणि मी मान हलवताना खाली बघायची. एक दिवस नातीने तिची दुधाची वाटी टेबलावर पालथी केली आणि म्हणाली, "आजी, डोन्ट अंडरस्टँड, लाह." तिला भेंडी का खायची ते कळत नव्हतं. आम्ही दोघी एकदम हसलो. त्यानंतर थोडं सैल झालं.

माझा स्वभाव काही गेला नाही. पैसे मी काढतच राहिले. फक्त आता सकाळी काढायची, ओट्यावर मोजायची, आणि दिवेलागणीच्या आत परत भरून यायची, बँकेने बघायच्या आधी. सुनेला हे माहीत होतं. ती काही म्हणत नसे. एकदाच म्हणाली की तुमच्याएवढी त्या मशीनकडून कसरत कोणीच करून घेत नसेल. दोन डॉलर पुन्हा कधी गेले नाहीत, आणि आधी कापले गेलेले तिने पुढच्या हप्त्यात घालून भरून दिले.

मग एक शुक्रवार आला. सकाळी निघताना ती दारात चपला घालता घालता म्हणाली, "शेवटचा हप्ता काल टाकला, आई. बघून घ्या." तिला उशीर होत होता, तरी ती एक क्षण थांबली. मी बरं म्हटलं.

त्या दिवशी मी लिफ्टने उतरले. मशीनमधून सगळे काढले, पिशवी पोटाशी धरून घरी आणले. ओट्यावर पन्नासच्या नोटांचे गठ्ठे मांडले आणि मोजले. पाटल्यांचे जेवढे आले होते तेवढे. पुन्हा मोजले. तेवढेच. मग मी नोटांचा गठ्ठा देवापुढे ठेवला आणि सवयीने वरच्या नोटेला हळदकुंकू लावलं. नोटांना लावू नका, मशीन घेत नाही, असं सुनेने मागे सांगितलं होतं. लावून झाल्यावर ते आठवलं.

संध्याकाळच्या आत मी पैसे भरायला गेले. मशीनने सगळे ओढून घेतले, आत खडखडलं, आणि एक नोट परत बाहेर आली. पुसून पुन्हा घातली. पुन्हा बाहेर. माझ्या मागे रांग होती. एरवी मला घाम फुटला असता. मी ती नोट काढून घेतली, चिठ्ठीवरचा आकडा वाचला आणि बाजूला झाले.

घरी येऊन ती कुंकवाची नोट देव्हाऱ्यात ठेवली. रात्री सून आली, देवाला हात जोडताना तिला ती दिसली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, ही एक इथे, बाकीचे बँकेत, मिळून बरोबर आहेत. सगळे फिटले.